हार ठेवण्याआधी

हेस्टर मॉफिट गुडघ्याखाली पोतं दुमडून कबरीच्या दगडावरचं शेवाळ ब्रशनं खरवडत होती. मागं पावलं वाजली, तसं तिनं मान न वळवताच विचारलं, "पाद्रीसाहेबांनी पाठवलं ना तुला?"

"ते म्हणाले, कबर मॉफिटांची आहे," मलाकी डिव्हलिन म्हणाला. "मॉफिटबाई हो म्हणाल्या तर चर्चची ना नाही."

म्हणजे पाद्रीबुवा नामानिराळे, आणि लोढणं हेस्टरच्या गळ्यात. मॉफिटांच्या घरात आता ती एकटीच उरली होती. पक्की प्रेस्बिटेरियन प्रोटेस्टंट, इंग्लंडच्या राणीला मानणारी. मलाकी पलीकडच्या खोऱ्यातला कॅथलिक, अख्ख्या आयर्लंडचं एक प्रजासत्ताक मागणाऱ्या पक्षाचा नगरसेवक. त्याची आई हिच्याकडून अंडी न्यायची, म्हणून निदान त्याच्याशी बोलणं तरी चाललं होतं.

"सतराशे अठ्ठ्याण्णवच्या बंडाला दोनशे वर्षं होतायत, बाई. तुमच्या आर्चिबाल्ड मॉफिटना इंग्रजांनी फासावर दिलं. त्यांना हार घालायचा, दोन शब्द बोलायचे, एवढंच. पुढच्या रविवारी."

"रविवारी?" हेस्टरनं ब्रश बादलीत टाकला. "प्रेस्बिटेरियनांच्या आवारात, देवाच्या दिवशी, झेंडे घेऊन?"

"मग शनिवारी येऊ."

"लगेच बदललास. इतक्या चटकन वळणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही."

मलाकी हसला. ती हसली नाही.

"बाई, हे आधी तुमच्याच माणसांनी मांडलं," तो म्हणाला. "कॅथलिक, प्रोटेस्टंट हा भेद पुसायचा, सगळ्यांनी आयरिश व्हायचं, देश आपला आपण चालवायचा. आम्ही तुमच्याकडूनच शिकलो. आमच्या झेंड्यात नारिंगी पट्टा आहे ना, तो तुमचा, प्रोटेस्टंटांचा."

"आम्हाला विचारून घातला होता?"

मलाकीनं डोक्यावरची टोपी सारखी केली.

"आर्चीनं ते म्हटलं आणि तो लटकला. त्याची पोरं राजाच्या बाजूला गेली. पोरं काही खुळी नव्हती," हेस्टर फडकं पिळत म्हणाली. "मेलेला प्रोटेस्टंट तुम्हाला फार आवडतो रे. जिवंताचं काय करायचं, ते तुमच्या समितीनं अजून ठरवलेलं दिसत नाही."

बोलली फटकळ, पण आतून ती हलली होती. आर्चीचं नाव घरात दार लावून घ्यायचे. दगडावर नुसतं नाव आणि वय. कसा गेला ते कोरायची कुणाची छाती झाली नव्हती. दोनशे वर्षांत त्याला कुणी एक फूल वाहिलं नाही, आणि आता वाहायला कोण, तर हा डिव्हलिन. याची तिला चीड आली. बरंही वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून पुन्हा चीड आली. शिवाय हो म्हटलं की चर्चमधली माणसं म्हणणार, हेस्टरनं भाऊ विकला.

भाऊ त्याच दगडावर होता, सगळ्यात खाली. ट्रेव्हर. दुधाची गाडी चालवायचा आणि आठवड्यातून एखाद-दोन रात्री ब्रिटिश सैन्याचा गणवेश चढवून रस्त्यावर पहारा द्यायचा. सतरा वर्षांपूर्वी मलाकीच्या बाजूच्या माणसांनी त्याला घराच्या फाटकात गोळ्या घातल्या होत्या.

"हार ठेवणार कुठं?" तिनं विचारलं.

"पायथ्याशी. दगडाला टेकवून."

"केवढा असेल?"

मलाकीनं हात फाकवून दाखवले. हेस्टर उठली. "तसेच धर," म्हणाली, आणि त्याला दगडापाशी नेऊन खाली वाकवलं. त्याच्या दोन हातांच्या मध्ये ट्रेव्हरचं नाव गेलं, तारीख गेली, तिच्याखालची ओळ गेली. वर आर्ची तेवढा स्वच्छ दिसत राहिला.

"पेपरवाले येणार असतील फोटो काढायला."

"येतील एक-दोन."

"मग ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस, मलाकी?"

मलाकी कानांपर्यंत लाल झाला. "तसं मनात नव्हतं, बाई. आईशप्पथ."

"आईला मध्ये आणू नकोस. ती चांगली होती."

खरं बोलतोय की खोटं, हेस्टर त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आधी तिला वाटलं, खोटं. मग वाटलं, खरं असेल तर ते जास्तच वाईट. म्हणजे याला इथं ट्रेव्हर दिसलाच नव्हता.

"हार ठेव," ती शेवटी म्हणाली. "भाषणही कर. पण त्याआधी दगड वाचायचा. वरपासून खालपर्यंत, कोरलाय तसा. एक शब्द गाळायचा नाही."

"समितीला विचारावं लागेल."

"समितीचं कोण पुरलंय इथं? तू वाच. आत्ता. मला ऐकू दे."

मलाकीनं टोपी काढली. आर्चीचं नाव त्यानं खणखणीत वाचलं, सभेत वाचतात तसं. मधली बायकामाणसं, लहानपणी गेलेलं एक पोर, सगळं वाचलं. "ट्रेव्हर मॉफिट, वय एकतीस," मग तारीख, इथवर आला आणि थांबला. पुढच्या गोष्टीला त्याच्या लोकांत कारवाई म्हणत. तोही आजवर तेच म्हणत आला होता. दगडावर तो शब्द नव्हता.

हेस्टरनं त्याला मदत केली नाही.

"स्वतःच्या घराच्या फाटकात," मलाकी कॉलरमध्ये तोंड घालून पुटपुटला, "दहशतवाद्यांनी खून केला."

हेस्टरनं बादली उचलली. कबरींच्या मधून चालत ती पार कडेच्या भिंतीपाशी गेली, बादली खाली ठेवली आणि त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"पुन्हा वाच," ती तिथून म्हणाली. "शनिवारी माणसं इथपर्यंत उभी असतील."