अकरावा तुकडा

दमयंतीबाईंच्या लेकीचा आवाज वीस तुकडे करून वीस अनोळखी घरांतल्या, इंटरनेटला जोडलेल्या पेट्यांत साठवलेला होता; अशा पेट्यांत लोक एकमेकांच्या फायलींचे तुकडे सांभाळत. कुठलेही अकरा तुकडे जुळले की तो ऐकू येणार होता. लेक वारली तेव्हा दहाच पेट्या चालू होत्या. अकराव्या तुकड्याच्या आशेने बाई परभणीहून चिपळूणला तांबट्यांच्या दारी आल्या.

"पेटी पुरात गेली हो," तांबटे ओशाळून म्हणाले. "आत काय होतं, ते आम्हालाही दिसायचं नाही. कुणाचं होतं?"

"मुलीचं."

"त्यांना सांगा, चूक झाली."

बाईंनी मान डोलावली. कोपऱ्यात बदली आलेली नवी पेटी खोक्यातच पडून होती. त्यांनी उठून खोकं फोडलं, पिन लावली आणि हिरवा दिवा लागल्यावर चपला घातल्या.