चौथा आवाज

चंदेरीच्या डोंगरमाथ्यावरून हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या वायरलेसवर, बोललेला अख्ख्या बदलापुरात एकच माणूस होता, माझा दोस्त तुषार. मला सेट हातात धरायला शिकवलं तेही त्यानेच. डोंगरावरून चार वेगवेगळ्या लोकांशी बोलणं झालं, तरच आमच्यात ती चढाई धरली जाते. आदल्या दिवशी तो म्हणाला होता, "टेन्शन घेऊ नको. तू तिघं शोध, चौथा मी घरी बसलोच आहे."

रविवारी गुडघे खरचटून घेत वर पोचलो. अंबरनाथ, कर्जत, पनवेल, तीन उत्तरं पटापट आली. मग बॅटरी संपेपर्यंत मी तुषारला हाका मारत बसलो. खाली तुषारच्या मांजर्लीतल्या बिल्डिंगा स्वच्छ दिसत होत्या, पण तिथून उत्तर काही येईना.

चढाई फुकट गेली याचं वाईट नंतर वाटलं. आधी भीतीच वाटली, याला काही झालं तर नाही ना? खाली उतरलो आणि तसाच मळक्या कपड्यांत त्याचं घर गाठलं.

"सॉरी यार, सकाळपासून सेटच बंद पडलाय," तो मान खाली घालून म्हणाला. "काहीच ऐकू आलं नाही."

"जाऊ दे रे, परत चढू," म्हणत मीच त्याची समजूत काढली.

तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली.

 

"दमलास ना रे? किती हाका मारत होतास सकाळी! मी याला म्हटलं पण, अरे, तो एवढा बोलावतोय, बोल की त्याच्याशी."