नाकतोड्याचं कुळ

खुर्ची ठेवलेली असूनही नालोंगो जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि थेट न्यायमूर्ती मुगालुलांकडे पाहून बोलायला लागली. मधल्या खुर्चीवर अध्यक्षा अकेलो बाई होत्या. पण त्या कुठल्या न्यायाधीश? उत्तरेकडच्या लिरा गावच्या निवृत्त नर्स. नालोंगोने त्यांना हिशेबातच धरलं नाही.

"मी नाकतोड्याच्या कुळातली, साहेब. तुमच्याच. तुमचं नाव ऐकलं आणि जिवात जीव आला."

मुगालुलांनी डोळे मिटून घेतले. "बाई, काय करून बसलात!"

तिला वाटलं होतं, आता आपलं काम झालंच. झालं उलटं. न्यायाधीशांच्या वागणुकीची तक्रार ऐकायला आयोगाचे तिघं बसायला हवेत: एक न्यायाधीश, एक वकील आणि एक असा माणूस जो या दोन्ही धंद्यांतला नाही. अध्यक्षपद त्या तिसऱ्याचं, कारण न्यायाधीशांनीच न्यायाधीशांना तपासलं तर लोक हसतील. आणि तिघांपैकी कोणी दोन्ही बाजूंतल्या कुणाचा नातलग निघाला, तर त्याने उठायचं. युगांडाच्या या भागात, बुगांडात, एका कुळातली माणसं आपसांत लग्न करत नाहीत. ती भावंडंच. जुळ्यांची आई म्हणून सारा गाव तिला नालोंगो म्हणतो, तक्रारीतही तेच लिहिलेलं. कुळ सांगणारं नाव कुठे नव्हतंच. आता तिने स्वतःच्याच तोंडाने सांगितलं. मुगालुला कागद आवरायला लागले.

"म्हणजे आज होणार नाही?" तिने विचारलं.

"दुसरे न्यायाधीश आले की," अकेलो बाई म्हणाल्या. "पुढच्या फेरीला."

पुन्हा पुढची तारीख! तिची तक्रारच ती होती. मॅजिस्ट्रेट वास्वाने तिच्या केळीच्या बागेचा खटला वर्षानुवर्षं पुढे ढकलला होता. "का?" असं विचारायला ती उभी राहिली, तर शिपायाकरवी भर कोर्टातून बाहेर काढलं होतं. तोवर शेजाऱ्याने तिच्या अर्ध्या बागेत विटा आणून रचल्या होत्या. नालोंगोला रडू फुटलं. समोर बसलेल्या वास्वाने टाय सारखा केला. सुटल्याचा आनंद त्याला धड लपवताही येत नव्हता.

अकेलो बाईंनी चहा मागवला. माणूस रडत असताना सभा उठवू नये, एवढं नर्सला कळत होतं.

चहाबरोबर तळलेल्या नाकतोड्यांची थाळी आली. नोव्हेंबर होता, दिवसच त्यांचे. आयोगावरच्या मुगिशा वकिलांनी मूठभर तोंडात टाकले आणि थाळी वास्वाकडे सरकवली.

"नको," वास्वा म्हणाला. "आमच्यात चालत नाहीत."

नालोंगोचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. "तुमच्यात म्हणजे कुणात रे?"

वास्वाचं तोंड बघण्यासारखं झालं. वास्वा हे जुळ्यांतल्या थोरल्याचं नाव, ते कुठल्याही कुळात ठेवतात. त्यावरून काही कळत नाही. पण ऐन नोव्हेंबरात ही थाळी परत करतात, ते ज्यांचं कुळच नाकतोड्याचं आहे तेच; कुळाचा जीव कुळातलं कोणी खात नाही. मुगालुलांनीही तिला हात लावला नव्हता.

मुगिशा वकील हसता हसता ठसकले. "अहो, तुम्ही तिघंही एकाच घरचे की! बरं झालं बुवा, आम्ही पश्चिमेचे. आम्ही सरसकट सगळ्यांना खातो!"

"मला तुमची ही नाती नीटशी समजत नाहीत," अकेलो बाई म्हणाल्या. "पण न्यायमूर्ती दोघांनाही सारखेच नात्यात लागतात. दोघांची हरकत नसेल तर त्यांना बसता येतं. नालोंगो?"

"माझी कसली हरकत?"

"वास्वासाहेब?"

नाही म्हणायला काही कारण सापडेना. वास्वाने मान हलवली. मग काय मनात आलं कोण जाणे, तो उठला आणि नालोंगोसमोर उकिडवा बसला. कोर्टात तो इतका गोड कधी बोलला नव्हता.

"आत्या, आधी सांगायचं नाही का? घरातली गोष्ट ही, चार माणसांत कशाला? तक्रार मागे घ्या. बागेचं काम मी सोमवारीच घेतो."

सोमवारीच! ज्याच्यासाठी तिने चपला झिजवल्या, ते आपल्या पायांनी चालत समोर आलं होतं. मुगिशा वकिलांचं चावणं थांबलं. मुगालुला टेबलाकडे बघत राहिले. नियमाप्रमाणे तक्रार मागे घ्यायला तिला पूर्ण मुभा होती, त्यात त्यांनी काही बोलायचं नव्हतं.

नालोंगो त्या इस्त्रीच्या कोटाकडे बघत राहिली.

"तुझ्या कोर्टात माझ्या शेजारी एक बाई बसते," ती म्हणाली. "रवांडाकडची. तीही वर्षानुवर्षं तारखाच घेते आहे. तिचं इथे कुळच नाही. तिचा सोमवार कधी?"

वास्वाने पुन्हा टाय सारखा केला.

"मघाशी मीही तेच करायला आले होते," ती म्हणाली. आवाज जरा ओशाळला होता. "कुळ सांगून काम करून घ्यायला."

मग गुडघ्यावर हात देऊन ती उठली. तिच्यासाठी ठेवलेली खुर्ची तिने पुढे ओढली आणि तिच्यावर ऐसपैस बसली. या वेळी तिने मधल्या खुर्चीकडे पाहिलं.

"बाई, लिहून घ्या," ती अकेलो बाईंना म्हणाली. "मी याची कोणी नाही. आता विचारा."