हलकं सामान

दोन हजार दहा साली पेणच्या दुकानात बाबांनी दोन मशिनं पाहिली. एक भारीतला गेमवाला कॉम्प्युटर; दादा त्याच्यापुढून उठेना. दुसरा मांडीवर मावणारा हलका लॅपटॉप. "गणपतीच्या ऑर्डरी मीच आणते," मी म्हणाले, "हा नेला की व्यापाऱ्यांना मूर्तींचे फोटो तिथंच दाखवीन." बाबांनी लॅपटॉप एका हाताने उचलला आणि परत ठेवला. "उचलून नेता येतंय, तेच नको गो. लगीन झालं की तुझ्याबरोबर जाईल. घरात राहील ती वस्तू घ्यायची." हमरापूरला घरी आल्यावर त्यांनी कॉम्प्युटरसाठी माझंच टेबल रिकामं केलं. त्याच टेबलावर मी दहा वर्षं मूर्तींचे डोळे रंगवले होते. घरात दुसऱ्या कुणाला ते जमत नव्हतं. मी कुंचले फडक्यात गुंडाळले. "कुठं चाललीस?" बाबांनी विचारलं. "शेजारच्या कारखान्यात. हलके हायत, माझ्याबरोबर येतील." मागे चारशे गणपती बिनडोळ्यांचे बसले होते.