ठसका

निखाऱ्यांवर मिरच्या पडल्या आणि घरभर पिकल्या पेरूचा वास सुटला.

ठसका नाही. सत्यवतीने मांडीवरचं पोर छातीशी धरलं. दवाखान्यातली औषधाची बाटली अर्ध्यावर आली, तरी पोराचं रडं थांबत नव्हतं. म्हणून शनिवारी दिवेलागणीला तिच्या सासूबाई, ठमाबाई, दृष्ट काढायला बसल्या होत्या. मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घेऊन त्यांनी पोरावरून उतरवल्या होत्या.

सुक्या मिरच्यांचा डबा रिकामा, म्हणून सत्यवतीने परसातल्या ओल्याच तोडून आणल्या होत्या. झाड शेजारच्या फरिदाने दिलेलं. तिचा नवरा मुनाफ बोटीवर खलाशी. कुठल्याशा बंदरावरून त्याने बी आणलं होतं. केशरी, पोटाशी चुरमडलेल्या मिरच्या. वास फळाचा, पण कालवणात निम्मी टाकली तरी जेवणारा पाणी मागत सुटे.

"एक बी ठसका नाय," ठमाबाई म्हणाल्या. "लई भारी नजर हाय."

"आत्याबाय, वल्या हायेत त्या. जळायला येळ लागंल."

"नजरंला वलं-सुकं नसतं. रोज कुंपनावरनं पोराला बगतं कोन? पोटी पोर नाय तिच्या."

"हळू बोला. ती तिकडं भांडी घासतेय."

कुंपणापलीकडे भांडी वाजायची थांबली होती.

सत्यवतीचा शनिवार होता. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. एवढासा ठसका येऊ दे, मारुतीराया, ती मनात म्हणत राहिली. तिने जोराने श्वास ओढला. पेरूच.

"त्या झाडाचं मूळच ठेवत नाय," म्हणत ठमाबाई परसात गेल्या. सत्यवती पोराला घेऊन दाराशी धावली. ठमाबाईंनी पदर खोचला, बुंध्याला हात घातला. पहिल्या हिसक्याला झाड हललं, दुसऱ्याला मातीसकट वर आलं. केशरी मिरच्या टपटप खाली पडल्या.

तेवढ्यात मागून धूर आला.

पोर शिंकलं आणि रडायचं विसरलं. मग सत्यवती खोकली. नाक, डोळे, घसा, सगळं पेटलं. धूर तिच्या खांद्यावरून परसात उतरला, तशा ठमाबाई झाड हातात धरून कमरेत वाकल्या. खोकता खोकता त्यांचा अंबाडा सुटला. कुंपणापलीकडेही कुणी खोकलं.

ठमाबाई खाली बसल्या. मुळं पुन्हा खड्ड्यात घातली, दोन्ही हातांनी माती लोटली, दाबली. पानांनी माना टाकल्या होत्या.

कुंपणाच्या फटीतून एक तांब्या पुढे आला.

"पाणी घाला, मावशी." फरिदाचा आवाज बसला होता. "मुळाशी. आत्ताच. नाहीतर नाय धरायचं ते."

ठमाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. फरिदाकडून रोप आलं होतं, पण तिच्या घरचं पाणी या घराने कधी घेतलं नव्हतं.

"झाडालाच तर घालायचंय," त्या पुटपुटल्या आणि तांब्या घेतला.

अर्धं पाणी मातीत मुरलं. उरलेल्या अर्ध्या तांब्याकडे ठमाबाई पाहत राहिल्या. त्यांचा ठसका काही थांबत नव्हता.