हाइनरिखचं बारसं

कामिनी पाळण्यावर वाकली, तशी बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी तिची पाठ बडवायची, ही रीत मनीषनगरच्या लिफ्टवाल्या फ्लॅटमध्येही कोणी चुकवत नाही. धपाट्यांचं कामिनीला काही नव्हतं. तिला भीती होती ती समोर सोफ्यावर बसलेल्या आईची.

तिचा भाऊ सुशील बायको-पोरासकट जर्मनीहून आला होता. बायकोचं नाव योहाना. तिचे वडील मागच्या हिवाळ्यात गेले, म्हणून बाळाला तिला त्यांचंच नाव द्यायचं होतं. इकडे खाप्याहून आलेल्या चंपतरावकाकांनी सकाळपासून धोशा लावला होता. आपल्या घरात गेलेल्या आजाचं नाव नातवाला लागतं, तेव्हा पोराचं नाव गोपाळच. सुशील दोन्हीकडे मान हलवत होता. लहानपणापासून त्याचं तेच. शेवटी काय म्हणाला, तर "ताई, आत्या तू आहेस, तुझ्या मनानं ठेव." भला माणूस.

आई, म्हणजे इंदूबाई, यावर एक शब्द बोलल्या नव्हत्या. विचारलं की म्हणायच्या, "तुमचं तुम्ही पाहा," आणि पदराचं टोक पिळत बसायच्या. कामिनीने त्याचा सरळ अर्थ काढला होता. नवऱ्याचं नाव ठेवलं नाही तर आई आजच खाप्याला निघून जाईल, आणि सुशीलचं तोंड पुन्हा पाहणार नाही.

तरी वाकल्या वाकल्या तिने एकदा योहानाकडे पाहिलंच. कोणीतरी घट्ट नेसवून दिलेल्या लुगड्यात ती पोरगी श्वास रोखून उभी होती. कामिनीने बाळाच्या कानात सांगायचं ते सांगितलं, सरळ उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "हाइनरिख."

धपाटे थांबले.

"हे काय नाव झालं गा, सुशील?" चंपतराव म्हणाले. "गावात लोकाईले काय सांगू मी?"

मग सुशीलला वाचा फुटली. कळमन्याच्या बाजारात माल खपवावा तसा तो ते नाव खपवू लागला. "काका, बहुत जुनं नाव आहे हे. हाइम म्हणजे घर, रिख म्हणजे राज्य करणारा. घराचा राजा. तिकडे किती तरी राजांचं नाव होतं. इंग्रजांनी त्याचं हेन्री केलं. फ्रान्सवाल्यांना 'ह' म्हणताच येत नाही, ते म्हणतात आंरी. स्पेनमध्ये एन्रिके, इटलीत एन्रिको, पोलंडात हेन्रिक."

"मंग खरं कोनतं?"

"सगळीच खरी, काका. ज्याच्या तोंडात जसं बसलं तसं."

चंपतरावांना हे बिलकुल पटलं नाही. ते काही बोलणार, तेवढ्यात इंदूबाई उठल्या. त्यांची बॅग आतल्या खोलीत होती आणि त्यांची पावलं तिकडेच वळणार, असं सगळ्यांनाच वाटलं. पण त्या पाळण्याजवळ आल्या.

"सुशील, त्या साऱ्या लोकाईनं आपल्याले जमन तसं केलं म्हन्तं ना तू?"

"हो, आई."

"तं मंग आपल्यालेबी चालन." त्या वाकल्या. "हेन्र्या. ए हेन्र्या."

बाळाने एक जांभई दिली. योहानाला शब्द कळले नाहीत, नाव मात्र कळलं. ती डोळे पुसत हसायला लागली.

"अहो पण वैनी," चंपतराव म्हणाले, "दादाचं नाव..."

"राहू द्या, भाऊजी. मी सकाळपासून देवाचा धावा करून राहिली का बाप्पा, तेवढं नाव नको ठेवू देऊ. सांगू कोनाले? नवऱ्याचं नाव नको म्हनलं तं लोक मले काय म्हन्तीन?" इंदूबाई पाळण्याच्या दोरीला धरून बोलत होत्या. "त्याईचं नाव मी जनमात तोंडातून काढलं नाही. बहिनीकडं जाताना रिक्षावाल्याले तिच्या वस्तीचं नाव सांगता येत नाही मले. प्रतापनगरच्या म्होरं चल म्हनतो अन् हात दाखवतो."

बहीण गोपाळनगरात राहते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"तेच नाव याले दिलं असतं, तं मी याले हाक काय मारली असती? ए, अरे, पोट्ट्या? मरेपर्यंत?"

नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नसतं, हे चंपतरावांनाही माहीत होतं. त्यांच्या स्वतःच्या बायकोने ते कधी घेतलं नव्हतं. पण ते नाव उद्या नातवाचं झालं तर आजीने करायचं काय, हे एवढ्या गोतावळ्यात एकालाही सुचलं नव्हतं. कामिनीचा जीव भांड्यात पडला. पाठ चांगली शेकून निघाली होती, तरी ती भिंतीला टेकून खाली बसली आणि हसतच सुटली. "आई वं," ती म्हणाली, "आधी सांगायचं तरी."

मग घुगऱ्या वाटल्या गेल्या, पंगत बसली. काका वडाभात दोनदा मागून जेवले. पाहुणे आपापल्या घरी गेले. इंदूबाई स्वयंपाकघरातून काही ना काही कारण काढून बाहेर यायच्या, पाळण्यात डोकवायच्या आणि म्हणायच्या, "हेन्र्या. काहून रे हेन्र्या?"

"आई, झोपलं आहे ना ते," कामिनी म्हणाली. "त्याले ऐकू तरी येते का?"

"मालूम आहे वं," इंदूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा हाक मारली.