सासूबाई गप्प झाल्या

सासूबाईंनी सार चाखलं आणि त्या काहीच बोलल्या नाहीत.

दिएम पळी हातात धरून वाट बघत उभी राहिली. लग्न होऊन सा देक गावातल्या या घरात आल्यापासून तिचं चिंचेचं माशाचं सार सासूबाईंनी, म्हणजे ल्यूबाईंनी, नावं न ठेवता कधी गिळलं नव्हतं. कधी ते गटाराचं पाणी असायचं, कधी मांजरानं हुंगून सोडलेलं. ल्यूबाईंच्या सासूबाई म्हणे पुराच्या दिवसांत कालव्याकाठची पिवळी फुलं खुडून असं सार करायच्या, की वासानं नावाडी होड्या धक्क्याला लावायचे. "तुझ्या साराच्या वासानं ते वल्हं जोरात मारतील," असं त्या दिएमला ऐकवायच्या.

आज तर सासऱ्यांचं वर्षश्राद्ध. चटईवर सगळं गोत जमलेलं. चारचौघांत सुनेची लाज काढायची संधी ल्यूबाई सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. तरी त्या गप्प. जमलं बाई एकदाचं, असं दिएमला वाटलं. तिला गहिवरूनच आलं. आईसुद्धा शिव्या घालून दमली आज, असं नणंद म्हणाली आणि सगळे हसले.

मग दिएमला दिसलं. साराचा ओघळ सासूबाईंच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून हनुवटीवर उतरला होता. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता. डोळ्यांतल्या शिव्या मात्र शाबूत होत्या.

नणंद फुंग धावली. तिनं पूर्वजांच्या तसबिरींमागे जपून ठेवलेली सोनेरी वर्खाची गोळी आणली. अर्धांगाचा झटका आला की ही गोळी चारायची आणि दहाही बोटांची टोकं टोचून रक्त काढायचं, हे त्या गल्लीत पोरासोरांनाही ठाऊक. एका काकांनी सुई दिव्यावर धरलीसुद्धा होती. दिएमनं नणंदेच्या हातावर फटका मारला. गोळी घरंगळत माशाच्या ताटात गेली.

"त्यांना घोटभर सार गिळता येत नाहीये. गोळी घशात अडकेल. आधी गाडी काढा."

फुंगनं तिच्याकडे झुरळाकडे बघावं तसं बघितलं. "आईची वाचा परत आली नाही ना वहिनी, तर या घरात तुला जागा नाही. लक्षात ठेव."

जिल्ह्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, की या शेवटच्या नीट कधी बोलल्या. फुंग म्हणाली, सकाळी. दिएमचा नवरा म्हणाला, त्याचं लक्ष नव्हतं. दिएमला मात्र पक्कं आठवत होतं.

"तसबिरीपुढची उदबत्ती निम्मी जळली होती. तेव्हा म्हणाल्या, पळी धरलीयस की वल्हं."

उदबत्ती कधी लावली होती ते विचारून डॉक्टरांनी हिशेब केला. उपचाराला अजून वेळ हातात होता. याआधी काही जाणवलं होतं का, असंही त्यांनी विचारलं. मागच्या आठवड्यात डाव्या डोळ्यापुढे थोडा वेळ पडदा आला होता, दिएम म्हणाली. तेव्हा सासूबाई तिच्यावरच ओरडल्या होत्या, की दिवासुद्धा भिकार आणलास.

"ती धोक्याची सूचना होती," डॉक्टर म्हणाले.

"आम्हाला टोमणा वाटला."

मानेतली डावी रक्तवाहिनी आतून अरुंद झाली होती. तिथूनच गुठळी सुटून मेंदूत अडकली होती. मांडीतून नळी घालून त्यांनी ती काढली आणि मानेतल्या अरुंद जागी जाळी बसवली. पण मानेची वाट अशी आवळलेली असली, की गुठळी निघूनही पुढचं छातीठोक सांगता येत नाही, असं ते म्हणाले. हात चालेल. वाचेचं बघू.

हात चालू लागला. वाचा आली नाही. फुंग रोज खाटेशी बसून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती गोळी माशाच्या ताटात कशी गेली ते सांगायची. दिएम रोज डब्यातून सार आणायची आणि न बोलता भरवायची. सासूबाई गिळायच्या आणि छताकडे बघत राहायच्या. ती शांतता दिएमला खायला उठायची.

एके सकाळी दोन घोट घेऊन ल्यूबाईंनी चमचा अडवला. ओठ हलले. जड जिभेनं, पण स्पष्ट शब्द आले.

"चांगलं झालंय."

वाटी दिएमच्या हातून सुटली. ती अनवाणीच धावत सुटली आणि डॉक्टरांना दंडाला धरून घेऊन आली.

"लवकर बघा. त्यांना पुन्हा झटका आलाय."

डॉक्टरांनी दोन्ही हात वर करायला लावले, हसायला लावलं, नाव विचारलं. सगळं ठीक होतं. झालं तरी काय, असं त्यांनी विचारलं.

"बोलतायत, पण भलतंच," दिएम धापा टाकत म्हणाली. "माझ्या साराला चांगलं म्हणाल्या."

ल्यूबाईंनी फरशीवर सांडलेल्या साराकडे बघितलं. मग सुनेला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"जन्मात एकदा चांगलं बोलायला गेले, तर ही बया डॉक्टर घेऊन आली."